राज्याची बखर, नोंद चौथी: जळवा, खोडा आणि गंभीर चेहरा

मागची नोंद लिहिली तेव्हा ‘द सिम्स मेडिव्हल’ या संगणकीय खेळातल्या माझ्या राज्यात राजा आणि वैद्य असे दोनच नायक होते. आता शाहीर, लोहार आणि हेरही आले आहेत आणि या महत्त्वाकांक्षेसाठी, म्हणजे राज्यापुढे ठेवलेल्या ध्येयासाठी, मिळालेले मोहिमांचे गुण जवळजवळ संपले आहेत. नव्या सोबत्यांसाठी थोडक्यात सांगतो: ‘द सिम्स मेडिव्हल’ हा २०११ च्या मार्चमध्ये आलेला खेळ असून त्यात आपण ‘वॉचर’ नावाचे, राज्यावर वरून नजर ठेवणारे दैवत असतो. प्रत्येक मोहिमेला गुण खर्चावे लागतात आणि गुण संपले की ती महत्त्वाकांक्षा संपते. त्यामुळे कोणती गोष्ट घडवायची आणि कोणती सोडून द्यायची, हा निवाडा इथे सतत करावा लागतो.

मूळ ‘सिम्स’ मालिकेत भूक, झोप, अंघोळ, शौच, करमणूक, संगत अशा अनेक गरजांच्या पट्ट्या सांभाळता सांभाळता दिवस मावळतो. इथे भूक आणि झोप या दोनच पट्ट्या ठेवल्या आहेत. हा बदल मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो, कारण माणसाला न्हाणीघरात पाठवण्यातून मोकळा झालेला वेळ खेळाने कथेला दिला आहे. मोहीम निवडायची, ती कोणत्या मार्गाने पार पाडायची हे ठरवायचे, त्या मार्गाला साजेसा नायक द्यायचा. सुरुवातीला निवेदकाचा एक परिच्छेद येतो आणि शेवटी फलश्रुतीचा आणखी एक. मधली सगळी धावपळ आपली. एकच मोहीम राजाला दिली तर दरबारी कारस्थान होते आणि हेराला दिली तर चोरीची गोष्ट होते.

हे परिच्छेद वाचूनच मला प्रत्येक मोहिमेनंतर वहीत बखर लिहिण्याची सवय लागली, आणि लिहिताना माझी एक चूक ध्यानात आली. तिसऱ्या मोहिमेनंतर मी लिहिले होते: ‘मग काय मंडळी, आमच्या वैद्यबाई निघाल्या जळवा शोधायला, इकडे पेशंट मेला की जगला कोणाला पत्ता!’ दुसऱ्या दिवशी वाचले तर हसू आले नाही. मग तेच असे लिहिले: ‘ते समयी वैद्य रंभाबाई जळवा आणावयास गेली. दोन प्रहर जाहले. रोगी मेजावर तैसाच पडोन राहिला. सायंकाळी शिपाई आले. बाईस खोड्यात घातले.’ आता हसू येते. खेळाचा निवेदकही नेमके हेच करतो: तो डोळा मिचकावत नाही, कोपराने ढोसत नाही, आणि साम्राज्याचे भवितव्य ज्या सुरात सांगतो त्याच सुरात चिखलातल्या किड्यांची गोष्ट सांगतो.

खोड्याचा प्रसंग कपोलकल्पित नाही. प्रत्येक नायकाला रोज दोन कर्तव्ये नेमून दिलेली असतात; ती वारंवार चुकवली की त्याला चौकात खोड्यात अडकवतात आणि सगळ्या गावादेखत उभे राहावे लागते. रंभाबाईवर ही वेळ आली ती माझ्यामुळे. मी तिला जळवांसाठी पाठवले आणि मध्येच चहा घ्यायला उठलो. परत आलो तेव्हा आई पडद्यासमोर बसून होती. म्हणाली, ‘आरं, ह्या बाईला कशापायी अडकवलंय? पेशंट दारात बसवून कुटं गेलती व्हय ही?’ मी जळवांची हकीकत सांगितली. त्यावर ती म्हणाली, ‘मग बरोबर हाय की. कामाला लाव न्हाईतर सोड.’ आईला इंग्रजी मजकूर वाचता येत नाही आणि पात्रे तर सिमलिश नावाची अर्थहीन बोली बोलतात. तरीही तिला सगळा प्रसंग कळला. किंबहुना शब्द निरर्थक असल्यामुळेच आमच्या घरी ती पात्रे थेट कागल-मुरगूडकडची भाषा बोलू लागतात. दोघे हातवारे करून भांडत असले की त्यांचे संवाद आई म्हणते.

या विनोदाला आपल्याकडची जोड शोधताना मला तमाशातला वग आठवला. वगातही राजा असतो, प्रधान असतो, राजवाडा असतो. राजा भारदस्त बोलतो आणि सोंगाड्या त्याच वाक्याचा गावठी अर्थ लावून ते जमिनीवर आणतो. हशा त्या दोघांच्या टकरीतून पिकतो. या खेळात सोंगाड्या नाही. राजाचा भारदस्त सूर निवेदकाकडे आहे आणि सोंगाड्याचे काम परिस्थितीकडे सोपवले आहे: अपराध्यांना लोटून देण्यासाठी वाड्याबाहेर एक न्यायाचा खड्डा आहे, त्यात एक राक्षसी जनावर राहते, आणि आजूबाजूने लोक भाजीपाल्याला निघाल्यासारखे निवांत फिरत असतात. राजा बोलतो गंभीरपणे, खड्ड्यातून हलते ती एक सोंड. मला मात्र सोंगाड्याची उणीव भासते, म्हणून बखरीच्या समासात एका पहारेकऱ्याचे शेरे लिहू लागलो आहे. ते अजून जमलेले नाहीत. पहारेकरी फार बोलतो.

शाहिराविषयी फार लिहिण्याजोगे घडलेले नाही. तो आजूबाजूच्या वस्तू आणि माणसांकडून स्फूर्ती गोळा करतो आणि तिच्यातून काव्य रचतो, ही यंत्रणा सुरेख आहे. पण माझा शाहीर आतापर्यंत बहुतेक स्फूर्ती जेवणातून घेत आला आहे.

खरा पेच रंभाबाईचाच आहे. नायक घडवताना तीन स्वभावगुण निवडायचे असतात आणि त्यांतला एक प्राणघातक दोष असावाच लागतो. दारूबाज, भेकड, जुगारी, खादाड असे ओळखीचे दोष यादीत आहेत, आणि त्यांच्या शेजारी तितक्याच गांभीर्याने लिहिले आहे की व्हेल माशाने माझ्या आईवडिलांना खाल्ले. मी तिला तोच दिला. ती मधूनच खिन्न होते आणि व्हेलचे मांस खाल्ले की तिला सूड घेतल्याचे समाधान मिळते. यावर कोणीही काही बोलत नाही. आता खास मोहीम पार पाडली तर हा दोष नाहीसा होऊन त्या जागी एक दुर्मीळ सद्गुण येतो. राज्याच्या दृष्टीने तो लाभच आहे. बखरीच्या दृष्टीने मात्र तिची अर्धी गोष्ट त्या माशाच्या पोटात आहे, आणि गुणवान वैद्याविषयी मी लिहू तरी काय?

दोन रात्री विचार करून उरलेले गुण हेराच्या मोहिमेला दिले. मोहीम रौप्य दर्जाने पार पडली. त्या गडबडीत रंभाबाईच्या दोन्ही कर्तव्यांची वेळ टळून गेली, आणि काल संध्याकाळी पाच वाजता शिपाई पुन्हा तिच्या दारात उभे होते.