चुण्या, दोर आणि वारा : ख्रिस्तो आणि जान-क्लोद यांचं कापडकाम

मंडपाची झालर शिवणाऱ्याचा एक हिशोब ठरलेला असतो: दहा फुटांच्या चौकटीला वीस फूट कापड. निम्मं चुण्यांत जातं. ख्रिस्तो आणि जान-क्लोद या कलावंत जोडप्याने १९९५ साली बर्लिनची संसदेची इमारत, राइशटाग, गुंडाळली तेव्हा हाच हिशोब धरला होता. इमारतीच्या पृष्ठभागाच्या दुप्पट, म्हणजे १ लाख चौरस मीटरहून जास्त कापड. ॲल्युमिनियमचा थर दिलेलं जाड पॉलिप्रॉपिलीन (प्लास्टिकच्या धाग्याचं कापड), मापाने शिवलेले ७० तुकडे आणि वरून १५.६ किलोमीटर निळा दोर.

सोलापुरात सूत, पन्हा (कापडाची रुंदी), किनार हे शब्द रोजचे आहेत. आपण हे काम कापड म्हणूनच बघावं, ते जास्त कळतं. चुण्यांच्या कडांवर ऊन पडतं, पोटात सावली राहते आणि सपाट भिंत दिवसभर रूप बदलते. कापड ताणून बसवलं असतं तर नुसती ताडपत्री दिसली असती.

दोघांचा जन्म एकाच दिवशीचा, १३ जून १९३५. रेखाटनं ख्रिस्तो काढायचे, ती विकून खर्च भागवायचा, प्रायोजक घ्यायचा नाही, हा दोघांचा नियम. बाहेरच्या सगळ्या कामांवर जान-क्लोद यांचं नाव लागलं ते १९९४ साली, जुन्या कामांसकट. खूप आधी लागायला हवं होतं. राइशटागच्या कल्पनेपासून काम उभं राहीपर्यंत २४ वर्षं गेली. परवानगीसाठी शेवटी संसदेत मतदान झालं, २९२ विरुद्ध २२३. काम उभं राहिलं १४ दिवस.

त्यांचा खरा शत्रू वारा. कोलोरॅडोतल्या दरीत ३८१ मीटर रुंदीचा नारिंगी नायलॉनचा पडदा टांगताना १९७१ साली तो फाटला. १९७२ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा टांगला आणि २८ तासांनी वादळी वाऱ्यामुळे उतरवावा लागला. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी ४० किलोमीटरला चौरस मीटरमागे साधारण साडेसात किलो, ६० ला सतरा किलो.

समजा, आपणही एक भिंत अशी कापडाने झाकायची ठरवली, तर हा आकडा आपल्या मापात बघू. ३० फूट लांब, १० फूट उंच भिंत म्हणजे २८ चौरस मीटर. वळवाच्या आधी सुटतो तसा ६० चा झोत समोरून लागला तर पावणेपाचशे किलो जोर. म्हणून असलं काम एप्रिल-मेमध्ये करू नये, थंडीत करावं.

त्याच भिंतीला ४८ इंच पन्ह्याचा कोरा मांजरपाट घेतला तर दुप्पट रुंदीला १५ पट्टे लागतात. शिलाईत जाणारं धरून १६ घ्यावेत. प्रत्येक पट्टा साडेअकरा फूट: वर-खाली दुमड, शिवाय भिजल्यावर दहा फुटांत सहा-सात इंच आटतो, त्याची सोय. एकूण ५६ मीटर. पट्टे उभेच लावायचे, म्हणजे भार ताण्यावर (लांबीच्या उभ्या धाग्यांवर) येतो. बाण्यावर (आडव्या धाग्यांवर) आला की कापड लवकर उसवतं. कडा एकमेकींत दुमडून दुहेरी टीप मारायची. धुऊ नये. खळ निघून गेली की चुण्या लोळतात.

नवख्यांचं काम फाटतं ते बहुतेक कोपऱ्यात. कापडाला पितळी डोळे (दोरी ओवायच्या कड्या) ठोकून दोरी ओवली की सगळा ताण दोन-चार बिंदूंवर येतो आणि डोळा कापडासकट निघतो. त्याऐवजी वरच्या दुमडीतून सलग पाइप घालावा. कापडावरून दर तीन फुटांवर आडवा दोर हवाच. तो शोभेसाठी नाही: कापडाचं एक मोठं पोट फुगण्याऐवजी लहान लहान पोटं होतात, फडफड थांबते, आणि टिपा उसवतात त्या फडफडीच्या हिसक्यांनीच. दोर पॉलिप्रॉपिलीनचा घ्यावा. सुती दोर दवाने आवळतो, उन्हात सैल पडतो. सकाळी नीट दिसणारं काम दुपारी लोंबतं.

जागा निवडताना सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याचा विचारही नको, ते संरक्षित स्मारक आहे. शहराच्या पूर्व भागातल्या बंद कारखान्याची भिंत चालेल, मालकाचं लेखी पत्र घेऊन.

वारा अचानक वाढलाच तर खालची बाजू सोडू नका. खालून सुटलेलं कापड झेंड्यासारखं उडतं आणि मिनिटात फाटतं. आधी आडवे दोर सैल करा, मग वरचा पाइप दोन्ही टोकांनी एकदम खाली घ्या, म्हणजे कापड भिंतीलगत पायाशी गोळा होईल.