श्रावणाचा तिसरा दिवस

आषाढ अमावास्या परवावर आली. मटणाच्या दुकानांपुढे पहाटेपासून रांगा लागतील, आणि ज्या घरात एकाच्या मानसिक आजाराच्या गोळ्या चालू आहेत तिथली आई किंवा बहीण रात्री अकरापर्यंत फोन हातात घेऊन बसेल. धाकटा येऊरच्या जंगलात गेलाय, कुणाबरोबर, काय घेतोय?

ही काळजी खुळी नाही. स्किझोफ्रेनिया शंभरात साधारण एकाला होतो. आईवडिलांपैकी एकाला किंवा सख्ख्या भावंडाला तो असेल तर शंभरात दहाच्या आसपास. म्हणजे नव्वदजणांना होतच नाही. हे दोन्ही आकडे एका दमात सांगायला हवेत. एकच सांगितला की घर एकतर हातपाय गाळतं, नाहीतर निर्धास्त होतं. "रक्तातच आहे आमच्या" म्हणणाऱ्याला रक्त बदलता येत नाही, पण गांजा टाळता येतो, आणि म्हणूनच त्याबद्दल बोलायचं.

"झाडपालाच तर आहे," हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. स्वीडनमध्ये पंचेचाळीस हजारांहून जास्त सैनिकभरतीच्या तरुणांचा पंधरा वर्षं मागोवा घेतला होता, 1987 साली तो छापून आला. ज्यांनी भरतीपर्यंत पन्नासपेक्षा जास्त वेळा गांजा-चरस घेतला होता, त्यांच्यात स्किझोफ्रेनियाचं प्रमाण न घेणाऱ्यांच्या सहापट निघालं. ओढणाऱ्या बहुतेकांना तो आजार होत नाही, हेही तितकंच खरं. पण कमी वयात सुरुवात, रोजची सवय, कडक माल आणि घरात आधीच आजार, हे सगळं एकत्र आलं की डाव फार वाईट पडतो. होळीची भांगही त्याच झाडाची. पोटातून ती चढायला तास-दीड तास घेते, "काहीच होत नाहीये" म्हणून दुसरा ग्लास घेतला जातो आणि मग दोन्ही एकदम चढतात. एमडीचं, म्हणजे मेफेड्रोनच्या पावडरचं, वेगळंच. ती रात्र-रात्र झोपू देत नाही, आणि बायपोलर आजार असलेल्या घरात दोन रात्रींचं जागरणही उन्मादाला पुरतं.

तरीही गटारीच्या रात्रीपेक्षा जास्त भीती वाटते ती तिच्या तीन दिवसांनंतरची.

अमावास्या उलटली की श्रावण. रोज क्वार्टर पिणारा काका "महिनाभर शिवणार नाही" म्हणतो, घरात सगळ्यांना बरं वाटतं, बायको देवापुढे दिवा लावते. क्वार्टर म्हणजे 180 मिलि, त्यात साधारण 60 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. रोज इतकी घेणारा मेंदू ती धरूनच चालत असतो. ती एकदम काढून घेतली की सहा-आठ तासांत हात थरथरतात, घाम येतो, मळमळतं. फीट यायची ती बहुतेक पहिल्या 48 तासांत येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भ्रम होतो: वार कळत नाही, घर ओळखू येत नाही, भिंतीवर किडे दिसतात, चादरीवरून काहीतरी वेचत राहतात, अंग तापतं, नाडी धावते. संध्याकाळनंतर सगळं वाढतं.

आणि ज्या घरात आधी एकजण आजारी आहे ते घर म्हणतं, "हाही गेला थोरल्याच्या वाटेनं." कुणी अंगारा लावतं, कुणी खोलीला कडी घालतं, कुणी म्हणतं ठाण्याला न्या. (1901 पासून इथलं मनोरुग्णालय उभं आहे, त्यामुळे महाराष्ट्रभर आपल्या गावाचं नाव असं घेतलं जातं.) कडी घालणं यात सर्वांत घातक. हा भ्रम जीव घेऊ शकतो. 108 ला फोन करायचा आणि जिथे फिजिशियन आहे अशा रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्यायचं. मनोविकारतज्ज्ञ नंतर लागतीलच. दारात पोचताच सांगायचं: रोज किती, शेवटची कधी, आधी फीट आली होती का. हे कळलं तर ग्लुकोजच्या सलाइनआधी थायमिनचं (बी-1 जीवनसत्त्वाचं) इंजेक्शन देतात. दारू लपवली तर ते राहून जातं. पाय मोडून ॲडमिट झालेला माणूस तिसऱ्या दिवशी बरळू लागतो तेव्हाही कारण हेच असतं, आणि नातेवाईक लाजेनं गप्प बसलेले असतात.

स्किझोफ्रेनियात माणूस सहसा शुद्धीत असतो, दिवस-जागा सांगतो, आणि दिसण्यापेक्षा आवाज जास्त ऐकू येतात. घरच्यांना हा फरक पुष्कळदा ओळखता येतो. निदान मात्र डॉक्टरांचं.

सकाळी पहिला घोट घेतल्याशिवाय कप धरता येत नाही, किंवा पूर्वी सोडताना फीट आली होती, अशा माणसानं श्रावणासाठी अचानक सोडू नये. आधी डॉक्टर, मग गोळ्यांच्या आधारानं काही दिवसांत उतरवणं. ही तारीख आषाढातच घ्यायची.

"त्याला न कळता" जेवणात घालायच्या पुड्यांविषयी मन फार जळतं. त्यात काय आहे ते कुणालाच ठाऊक नसतं. दारू सोडवण्यासाठी देतात ते डायसल्फिरॅम असेल आणि वर दारू घेतली, तर रक्तदाब कोसळू शकतो. शिवाय ते औषध स्किझोफ्रेनियासारखा आजारही चाळवू शकतं, म्हणजे नेमकं याच घरात ते चालणार नाही. माणसाला सांगून, त्याच्या संमतीनं, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलं तरच ते औषध.

ज्याच्या मानसिक आजारासाठी क्लोझापिन किंवा ओलान्झापिनच्या गोळ्या चालू आहेत त्यानं श्रावणात सिगरेट-बिडी सोडली, तर छानच. पण डॉक्टरांना आधी सांगा. धुरामुळे यकृत ही औषधं लवकर निपटतं. धूर थांबला की तोच डोस रक्तात जास्त साचतो आणि आठवड्याभरात माणूस पेंगू लागतो. मशेरी-तंबाखूनं असं होत नाही, कारण हे काम निकोटिनचं नसून धुराचं आहे.

व्यसनमुक्ती केंद्राला फोन करताना दोन प्रश्न विचारा: मनोविकारतज्ज्ञ किती दिवसांनी तपासतात, आणि चालू गोळ्या तुम्ही देता की बंद करता? बंद करतात असं ऐकलं तर फोन ठेवा. गाडी पाठवून माणूस उचलून नेतो म्हणणाऱ्यांपासूनही लांब राहा. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाचे आजारही येतात, आणि संमतीविना दाखल करण्याच्या अटी त्यात घातलेल्या आहेत. मानसिक आजाराच्या सल्ल्यासाठी टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन 14416, व्यसनासाठी 14446.

वहीचं राहिलंच. एक पातळ वही घ्या, त्यात तारीख, काय आणि किती घेतलं, झोप किती तास, काय वेगळं दिसलं, एवढंच लिहा. 'वाईट वागला' लिहू नका, 'रात्री दोनला गच्चीवर एकटा बोलत होता' लिहा. आधी झोप गेली की आधी गांजा आला, आणि नशा थांबून महिना झाला तरी भ्रम उरलाय का, यावर डॉक्टरांचा पुढचा निर्णय बराचसा ठरतो. ज्याच्याबद्दल लिहिलंय त्यालाच ती वही दाखवायची वेळ आली तर लाज वाटू नये अशा भाषेत ती असावी. त्याच्याशी बोलायचं ते नशा उतरल्यावर, सकाळच्या चहाला, दोघांतच.

परवाच्या पानावर एक ओळ मोकळी ठेवा: शेवटचा पेग, किती वाजता.