आरमध्ये अडलात तर मदत अशी मागा

आर (R, डेटा आणि आकडेवारी हाताळायची प्रोग्रामिंग भाषा) वापरणारे लोक मदत करायला अगदी मनापासून तयार असतात, पण त्यांना आपला स्क्रीन दिसत नसतो हे आपण विसरतो. नुसतं 'कोड चालत नाहीये, प्लीज हेल्प' असं लिहिलं तर समोरचा काय सांगणार? आणि डेटाचा स्क्रीनशॉट तर टाकूच नका, त्यातले आकडे कोण टाईप करत बसणार.

त्यापेक्षा हेड (head) हे फंक्शन वापरून पहिल्या पाच-सहा ओळी घ्या, त्यावर डीपुट (dput, डेटा कोडच्या रूपात छापणारं फंक्शन) चालवा आणि जे आउटपुट येईल ते तसंच पेस्ट करा, म्हणजे समोरच्याला तुमचा डेटा जसाच्या तसा मिळतो, कुठला कॉलम फॅक्टर (ठरावीक गटांचा, या गटांना लेव्हल्स म्हणतात) आणि कुठला कॅरेक्टर (साधा मजकूर) हे पण कळतं (लेव्हल्स भरमसाट असतील तर आधी ड्रॉपलेव्हल्स (droplevels) वापरून न लागणाऱ्या काढून टाका). हे फार महत्त्वाचंय, कारण फॅक्टरवर थेट अ‍ॅज डॉट न्यूमेरिक (as.numeric, आकड्यांत बदलणारं फंक्शन) लावलं तर 10, 20, 50 ऐवजी 1, 2, 3 असे लेव्हलचे नंबर हातात येतात, एरर काहीच येत नाही आणि सरासरी गुपचूप चुकते. डेटा गोपनीय असेल तर आरमधलाच एमटीकार्स (mtcars) हा नमुना डेटा घ्या.

सेशनइन्फोचं (sessionInfo, तुमच्या आरचं व्हर्जन वगैरे सांगणारं फंक्शन) आउटपुट पण द्याच. 2020 मध्ये आरचं 4.0.0 व्हर्जन आलं तेव्हापासून रीड डॉट सीएसव्ही (read.csv, डेटाची फाईल वाचणारं फंक्शन) मजकुराचे कॉलम आपोआप फॅक्टर करत नाही, त्यामुळे जुन्या व्हर्जनवर तोच कोड वेगळं उत्तर देऊ शकतो.

आणि उपाय चालला की नाही ते नक्की कळवा, गायब होऊ नका, तीच एरर उद्या दुसऱ्या कोणाला तरी येणारच आहे.