कोरा माल

चादरीच्या धंद्यात पाऊस हा आमचा विषयच नव्हता. सोलापुरात आम्ही हिशोब ठेवतो तो उन्हाचा. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली गोडाऊन असं तापतं की दुपारी हमाल आत पाय ठेवत नाहीत, माल सकाळी आठच्या आत हलवायचा. पावसाळ्यात फार तर रस्त्यावर चिखल आणि संध्याकाळचं गिऱ्हाईक कमी, एवढंच. म्हणून २०२५ सालच्या घटस्थापनेच्या आठवड्यात जे झालं, त्याची सवय ना दुकानाला होती ना मला. होलसेलमध्ये एकोणीस वर्षं काढली. काउंटर माझ्याकडे, गोडाऊनची चावीही माझ्याकडे. म्हणजे दोष द्यायला दुसरं कुणी नाही.

आधी सीझनचं सांगतो. लक्ष्मीपूजन २०२३ ला १२ नोव्हेंबरला होतं, २०२४ ला १ नोव्हेंबरला आणि २०२५ ला २१ ऑक्टोबरला. अधिक महिना येईपर्यंत तारखा अशा मागे सरकतच राहतात, त्याची आम्हाला सवय आहे. पण बाजार तारखेपेक्षाही पुढे पळतो. कंपन्यांच्या दिवाळी भेटीच्या ऑर्डरी पूर्वी दसऱ्याचं सोनं वाटून झालं की यायच्या. आता गणपती बसायच्या आत फोन येतो, सॅम्पल पाठवा. कारण त्यांना नुसती चादर नको असते. खोका छापायचा, त्यावर कंपनीचं नाव, आत शुभेच्छापत्र, वर फीत. चादर विणायला लागतो त्याहून जास्त वेळ खोक्याचा रंग पास व्हायला लागतो. पुण्याच्या एका कंपनीची आठशे पिसांची ऑर्डर अशीच ऑगस्टमध्ये आली.

त्यात जीएसटी. नवे दर ३ सप्टेंबरला जाहीर झाले, लागू व्हायचे २२ पासून. मधल्या तीन आठवड्यांत बाहेरगावचे व्यापारी हात आखडून बसले. हजाराच्या वरच्या, अडीच हजारांपर्यंतच्या मालाला, म्हणजे डबलबेडचे सेट वगैरे, बाराचे पाच टक्के होणार होते, ते थांबले हे समजू शकतो. पण साडेचारशेच्या चादरीला आधीही पाच टक्केच होते आणि नंतरही पाचच. हे गिऱ्हाइकाला सांगून माझं तोंड दुखलं. ‘टीव्हीवर सांगितलंय की ओ, कमी झालंय म्हणून’ असं म्हणत माणूस आपल्याकडे असा बघतो, जणू सरकारनं त्याला दिलेले वीस रुपये मी खिशात घातलेत. शिकलेली माणसं यात पुढे.

तर तीन आठवड्यांचा तुंबलेला माल, पुण्याची ऑर्डर आणि नवरात्राचं गिऱ्हाईक, सगळं २२ तारखेच्या सोमवारी एकत्र येणार म्हणून गोडाऊन ठासून भरलेलं होतं. एरवी मी थप्पी लावतो ती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर सोडून. त्या वेळी जागाच उरली नव्हती. पुण्याच्या मालातली शेवटची थप्पी मी फरशीवर लावली, तीही मागच्या भिंतीला चिकटवून. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे, म्हटलं.

पाऊस त्या वर्षी मेपासूनच वेड्यासारखा वागत होता. २५ मे रोजी मान्सून महाराष्ट्रात आला होता, आमच्या भट्टीच्या दिवसांत. मग कधी आठ-आठ दिवस कडक ऊन, कधी सकाळी ऊन आणि दुपारी अंधार. उत्तरा नक्षत्रात मात्र तो जो लागला तो थांबेना. सीना नदी कधी एवढी पसरेल असं जुन्या माणसांनाही वाटलं नव्हतं. विजापूरचा रस्ता वडकबाळजवळ बंद, पुण्याचा हायवे लांबोटीजवळ बंद. ऐन ज्वारी पेरायच्या दिवसांत रानात माणूसभर पाणी.

बुधवारी सकाळी गोडाऊन उघडलं आणि आधी वास आला. मागची पन्हळ तुंबून पाणी भिंतीतून आत झिरपलं होतं. भिंतीलगतच्या थप्पीत हात घातला तर चादरी गार. ओल्याचिंब नव्हत्या, पण काट्यावर सव्वा किलोची चादर दीड किलो भरत होती. एकशे छत्तीस पीस.

बाहेरच्या माणसाला वाटेल, चादरच ती, वाळवली की झालं. पण घरातली धुतलेली चादर वेगळी आणि कोरी चादर वेगळी. मागावर चढवायच्या आधी सुताला खळ देतात, तुटू नये म्हणून. कोऱ्या चादरीत ती खळ तशीच असते, म्हणून हाताला ती कडक लागते. ओल लागली की बुरशीला त्या खळीचं आयतं जेवण मिळतं. वरून प्लॅस्टिकची पिशवी. पहिल्या दिवशी डोळ्यांना काही दिसत नाही, नुसता कुबट भपका. तिसऱ्या-चौथ्या दिवशी घडीच्या आत बारीक काळे ठिपके, आणि ते दहादा धुतले तरी जात नाहीत. शिवाय गडद लाल बॉर्डरचा रंग पांढऱ्या फुलात उतरायला लागतो. जेकार्डवर, म्हणजे नक्षी विणायच्या मागावर, मोर विणणाऱ्याची सगळी कारागिरी त्या एका गुलाबी डागात जाते. उन्हात टाकाव्यात तर ऊन कुठं होतं?

आण्णांना, म्हणजे मालकांना, फोन केला. ते आले, एक चादर हातात घेऊन चुरगाळली, तेलुगूत काहीतरी पुटपुटले. पन्हळ साफ करायला मी गणपतीत सांगितलं होतं. ते बोलले नाहीत, मीही काढलं नाही. फरशीवर थप्पी कुणी लावली हे त्यांनीही विचारलं नाही.

दुपारी अडीचला सीनाकाठच्या एका गावातून दोघं आले. एक साठीचा शेतकरी, पायजमा गुडघ्यापर्यंत वर आणि चिखल वाळून पांढरा झालेला. बरोबर त्याचा पुतण्या. गावची पोरं पुण्यात कामाला आहेत, त्यांनी वर्गणी काढून मोबाइलवर पाठवलेली, एकोणतीस हजार रुपये. गाव शाळेत बसलेलं, घरं एकशे दहा. किती चादरी येतील?

चारशे वीसच्या भावानं एकोणसत्तर. मी कॅल्क्युलेटर दाखवला. म्हातारा आकड्याकडे बघत राहिला, बहुतेक मनात घरं मोजत होता.

आण्णा आतून म्हणाले, ‘ते एकशे छत्तीस देऊन टाक. निम्म्यानं.’ मग माझ्या जवळ येऊन हळू आवाजात, ‘आजच अंगावर घेणार आहेत ना? बुरशी यायला तीन दिवस लागतात.’

मी त्या माणसाला सांगितलं. एवढं तरी केलं. ‘मामा, माल ओलसर हाय बघा. वास येतोय.’

‘आमचं काय कोरडं राहिलंय का, साहेब?’ तो म्हणाला. रागावला नव्हता.

दोनशे दहानं अट्ठावीस हजार पाचशे साठ. बिलावर आण्णांनी ‘सेकंड माल’ लिहायला लावलं. सेकंड म्हणजे विणकामात खोट असलेला. त्या चादरींच्या विणीत काडीची खोट नव्हती. मी लिहिलं. टेम्पोत भरताना पुतण्यानं वरून ताडपत्री घट्ट बांधली. ओल्या चादरी पावसात भिजू नयेत म्हणून. मी बघत उभा होतो.

आता हिशोब मांडा. आण्णा चुकले असं मला छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही. कोरडा माल दिला असता तर चाळीसेक घरांना काहीच मिळालं नसतं. ओला दिला म्हणून सगळ्यांना पोचला, वर सव्वीस चादरी उरल्या असतील. दुकानाचं नुकसानही निम्म्यावर आलं. सगळ्यांचंच बरं झालं, असं आण्णा अजून सांगतात, आणि सांगताना त्यांचा चेहरा खरंच समाधानी असतो.

पण त्याच वेळी पुण्याच्या राहिलेल्या सहाशे चौसष्ट चादरी दर्शनी बाजूला फळ्यांवर होत्या. कोरड्या, खोक्यात, सोनेरी फीत लावलेल्या. त्या दिवशी निघायच्या होत्या, पण हायवेच बंद. शनिवारपर्यंत त्या तिथेच बसून राहिल्या. मी येता-जाता त्यांना धक्का लागू नये म्हणून अंग चोरून चालत होतो.

आणि ज्याची मला लाज वाटते ते हे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल वाळवायची मोठी ड्रायरची मशीनं आहेत. तिथला सुपरवायझर माझ्या ओळखीचा. एक फोन केला असता तर संध्याकाळपर्यंत एकशे छत्तीस पीस कोरडे झाले असते. थोडे आटले असते, कडा जरा वाकल्या असत्या, काय बिघडलं असतं? दोनशे दहाच्या भावात वाळवणीचेही सुटले असते. चादरीबद्दल मला एवढं कळतं आणि हे सुचलं कधी, तर पहाटे तीनला, अंथरुणात, अंगावर चादर असताना.

दसरा झाल्यावर, दिवाळीच्या दहा-बारा दिवस आधी, तो म्हातारा परत आला. एकटाच. बाहेर कडक ऊन पडलेलं, काउंटरला तीन-तीन रांगा. मी ओळखलं. त्यानं ओळख दाखवली नाही. एकच चादर हवी होती, लेकीला द्यायला. ‘मोराची दाखवा.’

मी वरच्या फळीवरचा पीस काढला, पिशवी फाडून घडी उलगडली. त्यानं बॉर्डरवरून हात फिरवला, कोपरा उचलला, नाकाशी नेला आणि डोळे मिटून लांब श्वास घेतला. मागच्या रांगेतली एक बाई हसली.

‘चांगली हाय,’ तो म्हणाला. ‘किती?’

‘साडेचारशे.’

‘जीएसटी कमी झालंय म्हणत होते की.’

‘झालंय, मामा,’ मी म्हटलं, आणि चारशे तीसचं बिल केलं.