जीटीए सिक्ससाठी लॅपटॉप कधी घ्यायचा, माझं ठरलंय

आत्ता घ्यायचा नाही. दिवाळी सेलमध्ये पण नाही आणि आमच्या सोलापूरच्या जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेनंतर पण नाही. दादा म्हणतोय घेऊन टाक, पैसे साठलेत ना, भाचा तर रोज "आत्या, घे की गं" करत मागे लागलाय, तरी मी थांबणार आहे, आणि का थांबणार ते इथं नीट लिहिते कारण ह्याच विचारात अडकलेले बरेचजण असतील.

पहिली गोष्ट म्हणजे हा गेम यायची १९ नोव्हेंबर २०२६ ही जी तारीख सगळ्यांच्या तोंडी आहे ती पीएस फाइव्ह आणि एक्सबॉक्सची आहे, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायच्या कन्सोलची. मी हे लिहितेय तोवर गेम बनवणाऱ्या रॉकस्टार कंपनीने पीसीची, म्हणजे लॅपटॉप-कॉम्प्युटरची, तारीख तर सोडाच, पीसीवर येणार असंसुद्धा जाहीर केलेलं नाही. आणि ही कन्सोलची तारीखपण आधी २०२५ होती, मग २६ मे २०२६ झाली, मग नोव्हेंबरवर गेली. आता मागचा इतिहास बघा. ह्याच मालिकेतला जुना गेम व्हाइस सिटी पीएस टूवर ऑक्टोबर २००२ ला आला आणि पीसीवर मे २००३ ला. जीटीए फाइव्ह कन्सोलवर सप्टेंबर २०१३, पीसीवर एप्रिल २०१५. रॉकस्टारचाच रेड डेड टू ऑक्टोबर २०१८ ला, पीसीवर नोव्हेंबर २०१९ ला. म्हणजे सात ते एकोणीस महिने. पीसीवर येणार हे मी धरूनच चालतेय, पण ह्या चालीनं गेलं तर आपल्या हातात तो २०२७ च्या मध्यापासून २०२८ च्या मध्यापर्यंत कधीतरी येईल.

आता ह्यात लॅपटॉपची वॉरंटी घाला. बहुतेक लॅपटॉपला एक वर्षाची असते. आज घेतला तर गेम यायच्या आधीच ती संपलेली असणार, बॅटरी उतरणीला लागलेली असणार, पंख्यात धूळ बसलेली असणार, आणि नेमकं तेव्हा त्या मशीनवर सगळ्यात जास्त लोड टाकायचा. मला हे अजिबात पटत नाही.

दुसरं, ग्राफिक्स कार्डाची मेमरी. माझ्या बजेटमध्ये आत्ता एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०५० कार्ड असलेला आरामात बसतो, पण त्याला व्हीरॅम, म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी, ६ जीबी. डिसेंबर २०२४ ला इंडियाना जोन्सचा गेम आला त्यात मिनिममलाच ८ जीबी व्हीरॅमचं कार्ड मागितलं होतं आणि रे ट्रेसिंग, म्हणजे उजेड-सावली खरी दिसावी म्हणून कार्डावर लोड टाकणारी सोय, सक्तीचं. मग जीटीए सिक्स किती मागेल ह्याचा अंदाज करून आज एवढे पैसे कशाला अडकवायचे? लॅपटॉपमध्ये आरटीएक्सच्या नव्या ५०६० आणि ५०७० दोन्हीला ८ जीबीच आहे, १२ हवी असेल तर ५०७० टीआय, आणि तो माझ्या आवाक्याबाहेर. लॅपटॉपचं कार्ड सहसा नंतर बदलता येत नाही, रॅम एसएसडी बऱ्याच लॅपटॉपमध्ये वाढवता येते पण कार्ड जे घेतलं तेच शेवटपर्यंत. म्हणून पीसीच्या रिक्वायरमेंट्स, म्हणजे गेमला किती ताकदीचं मशीन लागेल ती यादी, छापून आल्याशिवाय मी कार्ड निवडणार नाही.

आमच्या नवी पेठेत एका दुकानात बघायला गेले होते. शेजारी शेजारी दोन लॅपटॉप, दोन्हीवर ४०६० चं स्टिकर, एक जाडजूड आणि एक एकदम पातळ, आणि पातळ वाला महाग. तिथल्या मुलाला म्हटलं एनव्हिडिया कंट्रोल पॅनल उघडून सिस्टिम इन्फर्मेशन दाखव. त्यानं दाखवलं, तिथं मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर म्हणून एक ओळ असते, दोघांचे वॅट वेगवेगळे. नाव एकच पण ४०६० लॅपटॉपमध्ये ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीही असू शकतो आणि फ्रेम्समध्ये, म्हणजे गेम किती सलग चालतो त्यात, फरक त्यानं पडतो. ही ओळ बघितल्याशिवाय कुणीही पैसे देऊ नका, खरंच सांगते.

आणि आपल्याकडचं ऊन. मे महिन्यात सोलापुरात बेचाळीस त्रेचाळीस डिग्री असते, दुपारी खोलीतली हवाच तापलेली, लॅपटॉपचा पंखा तीच गरम हवा आत ओढतो, मग कार्ड तापलं की स्पीड स्वतःहून कमी करतं. त्यामुळे मी जाडच घेणार, पातळ दिसायला कितीही छान असू दे. लाईट गेली तरी तेच, बॅटरीवर कार्डाला पूर्ण पॉवर मिळत नाही, म्हणून इन्व्हर्टरवर त्याचा मोठा अडॅप्टर चालेल का हेपण आधीच बघून ठेवलंय, पंख्याबरोबर चालेल.

थांबण्यात तोटा आहे का, तर आहे. २०२५ च्या शेवटापासून एआय डेटा सेंटरमुळे रॅमचे भाव चढलेत आणि दुकानदार म्हणतात अजून वाढतील. वाढू देत. चार पाच हजार जास्त गेले तरी चालतील, पण चुकीचं कार्ड पाच वर्षं गळ्यात नको. भाच्याचं मात्र वेगळं आहे, त्याला इंजिनिअरिंगला ऑटोकॅड लागणार, त्याचा लॅपटॉप ॲडमिशन झाली की लगेच घ्यायचा, गेमची वाट बघत त्याचा अभ्यास अडकवायचा नाही, असं मी दादाला स्पष्ट सांगितलंय.

मध्येच वाटलं पीएस फाइव्हच घ्यावा, पण टीव्ही एकच आणि संध्याकाळी तो आईचा, आणि मला लॅपटॉप टॅलीच्या कामालापण लागणार. शिवाय व्हाइस सिटी मी दादाच्या जुन्या पीसीवर कीबोर्डनंच खेळले, समुद्राकाठच्या त्या रस्त्यावर मिशन सोडून नुसती गाडी फिरवत बसायचे, समुद्र तोवर प्रत्यक्ष बघितलासुद्धा नव्हता. आता तेच शहर परत येतंय आणि ह्यावेळी जेसनबरोबर लुसिया पण आहे, एक बाई मुख्य पात्र. ते मला ग्राफिक्सची सेटिंग सगळी लो वर ठेवून अडकत अडकत बघायचं नाहीये.

तेव्हा आरडी चालू ठेवलीये. ज्या दिवशी पीसीच्या रिक्वायरमेंट्स येतील त्याच आठवड्यात आरडी मोडून रेकमेंडेड मध्ये जे कार्ड लिहिलं असेल त्याच्या एक पायरी वरचं घेणार, १६ जीबी रॅम दोन स्टिकमध्ये आणि एसएसडी एक टीबी, कारण रेड डेड टूलाच १५० जीबी जागा लागते.