लाल, निळं, निळं

जुन्या कपड्यांची बटणं साठवलेली एक बरणी माझ्याकडे आहे. साडेचार वर्षांची भाची आली की ती बरणी फरशीवर पालथी होते. त्या दुपारी मी तिला ओळ लावून दिली. लाल, निळं, लाल, निळं, लाल, निळं.

"पुढे काय?"

"लाल!"

"मग?"

"निळं!" कुठे अडखळणं नाही. पाठ्यपुस्तकात याला आकृतिबंध म्हणतात. आमची गुणी बाळ पास झाली, असं समजून मी पुढची ओळ मांडली. लाल, निळं, निळं. असं तीनदा.

तिनं पुढे लावलं : लाल, निळं, लाल, निळं. "नीट बघ हं," मी म्हटलं. तिनं नीट बघितलं आणि माझ्याच ओळीतली तीन निळी बटणं उचलून बरणीत टाकली. "मामा, तू जास्तीची ठेवलीस."

आता आली का पंचाईत! पहिल्या वेळीही तिनं ओळ बघितलीच नव्हती तर. शेवटचं बटण बघायचं आणि 'दुसरं' ठेवायचं, एवढाच तिचा नियम. एकाआड एक रंग असले की तो दरवेळी बरोबर येतो आणि मामा खूश होतो. ओळीत परत परत येणारा तुकडा कोणता, तो कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे तिला दिसलं की नाही, ते 'पुढे काय?' विचारून कळत नाही.

तसा हा प्रश्न मोठ्यांनाही तोंडघशी पाडतो. वर्तुळावर बिंदू घेऊन ते सगळे एकमेकांना रेषांनी जोडले, की आत भाग पडतात. एका बिंदूला १, दोनांना २, मग ४, ८, १६. सहा बिंदूंना किती? मीही छातीठोकपणे ३२ म्हणालो होतो. जास्तीत जास्त ३१ पडतात. तेव्हा साडेचार वर्षांच्या मुलीवर डोळे वटारायचा मला काही अधिकार नव्हता.

बटणं बाजूला सारली आणि तिला समोर बसवलं. एक टाळी, मग मांडीवर दोन थापा. टाळी, थाप, थाप. टाळी, थाप, थाप. तिसऱ्या फेरीला तिचे हात माझ्याबरोबर पडायला लागले, पाचव्या फेरीला मी थांबलो तरी ती थांबेना. डोळ्यांना जे सुटत नव्हतं, ते हातांना सुटलं. मग मध्येच तिनं बटणांकडे पाहिलं. "टाळी म्हणजे लाल," ती म्हणाली. मी काही बोललो नाही. अशा वेळी शहाण्या माणसानं गप्प बसावं, हे मला फार उशिरा समजलंय.

पुन्हा ओळ मांडली. या वेळी दर तीन बटणांनंतर लोकरीचा एक धागा आडवा ठेवला आणि आगगाडीचे डबे केले. प्रत्येक डब्यात एक लाल, दोन निळी. तिनं आणखी दोन डबे जोडले, मग एकेक करून सगळे धागे काढून टाकले आणि गाडी तशीच राहिली का ते वाकून बघितलं.

"आता मी लपवणार. डोळे मीट."

मिटले. बटणं सरकल्याचा आवाज आला, दबकं हसू आलं. डोळे उघडून मी ओळीवरून बोट फिरवलं. लाल, निळं, निळं. लाल, निळं, निळं. कुठे फट नाही, कुठे चूक नाही. पुन्हा फिरवलं.

"काही काढलंच नाहीस तू."

तिनं मूठ उघडली. आत तीन बटणं होती. लाल, निळं, निळं.