पाइप नव्हे, पुरवठादार मोजा

समाजाची मूल्यं बदलली की ऊर्जा धोरण बदलतं, हे सगळेच म्हणतात. ते नेमकं कुठे बदलतं हे बघायचं असेल, तर जर्मनीच्या कायद्यातली कलमं आणि गॅससाठ्याची टक्केवारी बघावी.

व्यापार वाढला की वैर निवळतं, यावर जर्मनांचा मनापासून विश्वास होता. सोव्हिएत संघाला पोलादी पाइप द्यायचे आणि बदल्यात गॅस घ्यायचा, हा 1970 चा करार त्याच भावनेतून झाला. 2021 पर्यंत जर्मनीच्या आयात गॅसपैकी निम्म्याहून अधिक गॅस रशियाचा होता. अणुभट्ट्या बंद केल्यामुळे ही वेळ आली, असं सर्रास लिहिलं जातं. ते फार तर अर्धं खरं आहे. तिथला बहुतेक गॅस घरं तापवायला आणि कारखान्यांत जातो, आणि ती गरज अणुभट्टी सहजासहजी भागवू शकत नाही.

खरी गफलत मोजमापात होती. युरोपीय नियमांत 'एन उणे एक' अशी कसोटी आहे. गॅस आणणारी सर्वांत मोठी एक सोय बंद पडली, तरी वीस वर्षांतून एखाद्या वेळी येणाऱ्या कडाक्याच्या थंडीच्या दिवसाची गरज उरलेल्या व्यवस्थेतून भागली पाहिजे. जर्मनी या कसोटीत आरामात पास होत असे, कारण कसोटी पाइप मोजत होती. पाइपच्या पलीकडे कोण बसलंय, हे मोजत नव्हती. बाल्टिक समुद्रातून, पोलंडमार्गे आणि युक्रेनमार्गे असे तीन रस्ते होते, पण तिन्हींच्या टोकाला पुरवठादार एकच.

लोअर सॅक्सनीतल्या रेडेनचा भूमिगत साठा सुमारे 4 अब्ज घनमीटरचा, देशातला सर्वांत मोठा. 2015 मध्ये मालमत्तांच्या अदलाबदलीत तो गाझप्रोम या रशियाच्या सरकारी गॅस कंपनीकडे गेला. 2021 च्या उन्हाळ्यात तो नेहमीसारखा भरलाच गेला नाही आणि फेब्रुवारी 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला तेव्हा 5 टक्क्यांच्याही खाली होता. असा साठा ऐनवेळी भरता येत नाही. रेडेन म्हणजे उपसून संपलेलं जुनं गॅसक्षेत्र. गॅस सच्छिद्र खडकात दाबून भरावा लागतो आणि त्यात महिने जातात. काढताना साठा उतरला की दाबही उतरतो आणि रोज निघणारा गॅस कमी होत जातो. म्हणून शिल्लक किती यासोबत दिवसाला किती निघेल, हे विचारायलाच हवं.

2022 च्या वसंतात कायद्याने तारखा बांधून दिल्या: 1 ऑक्टोबरला साठे 80 टक्के भरलेले हवेत, 1 नोव्हेंबरला 90, 1 फेब्रुवारीला 40. त्याआधी 27 फेब्रुवारीच्या ज्या भाषणात चॅन्सेलर शोल्त्स यांनी लष्करासाठी 100 अब्ज युरो जाहीर केले, त्यातच दोन एलएनजी टर्मिनलची, म्हणजे जहाजातून आलेला द्रवरूप गॅस उतरवून घेणाऱ्या केंद्रांची, घोषणाही होती. विल्हेल्म्सहाफेनचं तरंगतं टर्मिनल त्याच डिसेंबरात सुरू झालं. ते कौतुकास्पदच. पण एका मोठ्या जहाजात उणे 162 अंशांवर सुमारे 1,70,000 घनमीटर द्रव मावतो, म्हणजे साधारण 10 कोटी घनमीटर गॅस. बाल्टिक समुद्रातून रशियाचा गॅस आणणाऱ्या नॉर्ड स्ट्रीम 1 या पाइपलाइनची वार्षिक क्षमता 55 अब्ज घनमीटर होती. तेवढा गॅस आणायचा तर वर्षाला 550 जहाजं लागतात, रोज दीड.

एवढी जहाजं कुणाच्या तरी वाट्यातून येणार. त्याच वर्षी गाझप्रोमची जर्मन उपकंपनी जर्मन सरकारच्या ताब्यात गेली आणि तिच्या सिंगापूर शाखेकडून भारताच्या 'गेल' या सरकारी गॅस कंपनीला मिळणारा एलएनजी थांबला. इकडे खत कारखान्यांचा गॅस कमी करावा लागला. जर्मनीत शेल गॅससाठी फ्रॅकिंगला, म्हणजे दाबाने पाणी सोडून खडक फोडून गॅस काढण्याला, 2017 पासून बंदी आहे, पण फ्रॅकिंगमधूनच आलेला अमेरिकी गॅस चालतो. स्वतःच्या अंगणापुरती पाळलेली मूल्यं मला पटत नाहीत.

सूर्य आणि वारा या देशी स्रोतांकडे वळणं हे त्यावरचं उत्तर. 2021 मध्ये जर्मन घटनात्मक न्यायालयाने हवामान कायदा अंशतः घटनाबाह्य ठरवला, कारण कार्बनकपातीचा बोजा 2030 नंतरच्या पिढीवर ढकलला जात होता. पुढे 2022 च्या सुधारणेत अक्षय ऊर्जा प्रकल्प 'सार्वजनिक सुरक्षिततेसाठी' आहेत असं कलमच आलं. पवनचक्कीचा परवाना अडला की हे कलम तराजूत पडतं.

मात्र सौर पॅनेलच्या साखळीत प्रत्येक टप्प्यावर चीनचा वाटा 80 टक्क्यांच्या वर आहे. एप्रिल 2025 मध्ये चीनने इलेक्ट्रिक मोटरमध्ये लागणाऱ्या दुर्मिळ मृदा चुंबकांच्या निर्यातीवर बंधनं आणली, तेव्हा पुण्याच्या बजाज ऑटोलाही इलेक्ट्रिक स्कूटरचं उत्पादन कमी करावं लागलं.

तरी हे अवलंबन गॅससारखं नाही. गॅस तुटला तर घरं काही आठवड्यांत गारठतात. पॅनेल यायचे थांबले तर नवा प्रकल्प लांबतो, बसवलेले पॅनेल वीज देतच राहतात. इलेक्ट्रिक मोटारीच्या एका मोटरला एक-दोन किलो चुंबक पुरतं. वर्षाचा साठा गोदामात मावतो, त्यासाठी रेडेनसारखं भूगर्भ लागत नाही. युरोपने 2024 च्या कायद्यात 2030 पर्यंत कोणत्याही एका बाहेरच्या देशाकडून 65 टक्क्यांपेक्षा जास्त सामरिक कच्चा माल नको, असं उद्दिष्ट ठेवलं. निदान आता देश मोजला जातोय. पण ते उद्दिष्टच आहे. रेडेनला लागल्या तशा भरणाच्या तारखा चुंबकांना अजून कुणी लावलेल्या नाहीत.